बाकावर चूक होत नाही

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: नाशिकच्या सिडकोत वाढलेला २५ वर्षांचा तरुण. शाळेत उंचीमुळे गोलमध्ये उभा केला गेला आणि तिथलाच झाला. अठराव्या वर्षी मुंबई गाठली. गेले तीन हंगाम एका क्लबमध्ये दुसऱ्या क्रमांकाचा गोलकीपर; तिन्ही मिळून स्पर्धेचे सात सामने. गेल्या पावसाळ्यात त्यातल्याच एका सामन्यात, संपायला दोन मिनिटं उरली असताना, ओला चेंडू हातातून निसटला, संघ हरला आणि ती क्लिप मित्रांच्या ग्रुपवर महिनाभर फिरली. आता करार संपला आहे. परराज्यातल्या एका क्लबने आठ महिन्यांचा करार देऊ केला आहे, पुन्हा दुसरा गोलकीपर म्हणून, महिना ३५ हजार आणि राहण्याची सोय. त्याच सुमारास खेळाडू कोट्यातून एका सरकारी खात्याचं नोकरीचं पत्र आलं आहे. त्या खात्याचा स्वतःचा फुटबॉल संघ आहे. तीन आठवड्यांत कळवायचं आहे. वडील अंबडच्या कारखान्यातून निवृत्त; ते म्हणतात, असं पत्र परत पाठवणारा वेडाच. घरात स्थळांची बोलणी सुरू आहेत आणि "मुलगा काय करतो?" या प्रश्नाला आई "मुंबईला असतो" एवढंच सांगते. तो विचारतो, "नोकरी घेतली तर सात वर्षं पाण्यात. क्लब घेतला तर घर दुखावतं. हिंमत दाखवू की शहाणपण?"

प्रिय गोलकीपर,

माझ्या भाच्याच्या वयाचा आहेस, म्हणून अरेतुरे करते. चार पानी पत्रात एक वाक्य तू कंसात टाकलं आहेस आणि घाईने पुढे गेला आहेस: "(बाकावर असलो की निदान चूक तरी होत नाही.)" सगळ्या पत्रात मला तेच वाक्य सर्वात खरं वाटलं. त्याच्याकडे येतेच. आधी तुझा हिशेब बघू, कारण तो चुकला आहे असं मला वाटतं.

पंचवीस म्हणजे दार बंद व्हायची वेळ, असं तू धरून चालला आहेस. हे गणित विंगरचं, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणाऱ्या आक्रमकाचं आहे. पायांतला वेग हीच ज्याची कमाई, त्याला तिशी जवळ येताना धडकी भरणं साहजिक आहे. गोलकीपरचं निम्मं काम नजरेचं आणि अंदाजाचं. ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच चौकट कोणाच्याही हातांना पुरी पडत नाही. ती लहान करता येते ती योग्य जागी उभं राहून. क्रॉस, म्हणजे कडेने गोलसमोर टाकलेला चेंडू, आला की बाहेर पडायचं की रेषेवर थांबायचं, समोरून एकटा फॉरवर्ड आला की कितव्या पावलाला खाली बसायचं, बचावफळीला कधी हाक द्यायची, हे सगळं शेकडो वेळा बघितल्यावर अंगात मुरतं. इटलीच्या दिनो झॉफने १९८२ चा विश्वचषक उचलला तेव्हा तो चाळिशीत होता. इजिप्तचा एसाम अल हदारी २०१८ च्या विश्वचषकात पंचेचाळिसाव्या वर्षी खेळला आणि पेनल्टी अडवली. ही टोकाची उदाहरणं आहेत हे मला कळतं. पण गोलकीपर उशिरा पिकतो, ही गोष्ट त्या खेळात सगळेच मानतात. तू मात्र ती स्वतःला लागू करत नाहीस.

दुसरं, सात सामने हा आकडा तू स्वतःच्या लायकीचं मोजमाप म्हणून लिहिला आहेस. सात जण बाकावर असले तर त्यातल्या मिडफिल्डरला शेवटची वीस मिनिटं मिळतात; आता पाच बदल करता येतात. राखीव गोलकीपर आत जातो तो पहिला जखमी झाला, त्याला लाल कार्ड मिळालं किंवा प्रशिक्षकाचा विश्वास उडाला तरच. म्हणजे ताटकळणं हा तुझ्या जागेचाच गुण आहे. भारताचा गोलकीपर गुरप्रीतसिंग संधू २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्टाबेक क्लबकडे गेला. तिथल्या लीगमधला पहिला सामना त्याला २०१६ मध्ये मिळाला.

मात्र इथेच एक फसवी वाट आहे. उशिरा पिकतो म्हणजे बसून बसून पिकतो असं नव्हे. अर्जेंटिनाचा एमिलियानो मार्तिनेझ तुला तोंडपाठ असणार. इंग्लंडच्या आर्सेनल क्लबकडे तो किशोरवयात आला आणि जून २०२० मध्ये पहिला गोलकीपर जखमी होईपर्यंत त्याला खरी जागा मिळाली नाही. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. अडीच वर्षांनी त्याच्या हातात विश्वचषक होता. ही गोष्ट "धीर धर, तुझाही दिवस येईल" अशी सांगितली जाते. मधला भाग गाळला जातो: तो सहा वेगवेगळ्या क्लबांकडे लोनवर, म्हणजे तात्पुरता उसना, गेला. त्यातले बरेच खालच्या डिव्हिजनमधले होते. जिथे उभं राहायला मिळेल तिथे तो पोचत होता. गुरप्रीतही २०१७ मध्ये बेंगळुरूला आला आणि तिथे वर्षानुवर्षं नियमित उभा राहिला.

म्हणून तुझ्या दोन्ही पर्यायांना मी एकच प्रश्न विचारीन: येत्या वर्षात मी किती सामने खेळेन? पगार, नाव, राज्य, लीगचा दर्जा, सगळं त्यानंतर.

आता तुझ्या "हिंमत की शहाणपण" या जोडीकडे येते. नोकरी घेणं म्हणजे खेळ सोडणं, हे तू न तपासता धरलं आहेस. तुझ्या पिढीने फुटबॉल पाहिला तो टीव्हीवरच्या क्लबांचा, त्यामुळे ऑफिसचा संघ म्हणजे हौशी मंडळींचा असं वाटत असेल. मुंबईचं फुटबॉल कित्येक दशकं ऑफिसांच्या संघांवर उभं होतं: रेल्वे, बँका, एअर इंडिया, ओएनजीसी. शेवटचे दोन तर आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या अव्वल लीगमध्ये खेळले. केरळ पोलिसांनी १९९० आणि १९९१ अशी लागोपाठ दोनदा फेडरेशन कप स्पर्धा जिंकली, आय. एम. विजयन त्याच संघातून वर आला. तो पुढे मोठ्या क्लबांकडे गेला, देशासाठी खेळला आणि शेवटी पोलीस दलातूनच निवृत्त झाला. आपल्याच जिल्ह्यातलं बघायचं तर चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. नौकानयन त्याला सैन्यात गेल्यावर भेटलं आणि २०१६ मध्ये तो रिओ ऑलिंपिकला होता. नोकरीनेच त्याच्या हातात वल्हं दिलं.

आणि क्लब? महिंद्र युनायटेड २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता होता. २०१० मध्ये तो संघच बंद करण्यात आला. जुलै २०२५ मध्ये देशातली सर्वात मोठी लीग आयोजकांनी स्थगित केली, हंगाम वेळेवर सुरू झाला नाही आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. राष्ट्रीय संघातले खेळाडू तेव्हा आपल्याला खेळायचं आहे म्हणून जाहीर आर्जव करत होते. तू ज्या पायरीवर आहेस तिथे अशा वाऱ्याचा झोत आणखी लागतो. तुझे वडील हे बोलत नाहीत, ते नुसतं "वेडा" म्हणतात, म्हणून तुला राग येतो. पण कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाने टाळं लागलेली गेटं पाहिली आहेत. त्यांची भीती तुझ्या खेळाविषयी नाही, तुझ्या पंचेचाळिसाव्या वर्षाविषयी आहे.

आता तो कंस.

चूक कशी झाली हे तू अर्धं पान लिहिलं आहेस: अंधेरीकडचं मैदान, तासभर पाऊस, पंचवीस यार्डांवरून साधा फटका, तुझ्या पुढ्यात एक टप्पा, आणि चेंडू छातीशी येण्याऐवजी मनगटाखालून आत. नंतर ड्रेसिंग रूममध्ये कोणी काही बोललं नाही, ते न बोलणंच तुला जास्त लागलं. त्यानंतर सरावात तू उत्तम आहेस, पण पहिला गोलकीपर तंदुरुस्त आहे असं कळलं की "हलकं वाटतं."

२१ नोव्हेंबर २००७, वेम्बली, पाऊस. इंग्लंडला युरो स्पर्धेत जायचं तर क्रोएशियाविरुद्ध हरून चालणार नव्हतं. गोलमध्ये स्कॉट कार्सन, वय २२, देशासाठी पहिलाच स्पर्धात्मक सामना. आठव्या मिनिटाला लांबून फटका आला, त्याच्या पुढ्यात टप्पा पडला, हातांना लागून आत गेला. इंग्लंड २-३ असं हरलं आणि युरो २००८ ला मुकलं. तुझी क्लिप ग्रुपवर फिरली. त्याची अजूनही दाखवली जाते. तो त्यानंतर आणखी सतराएक वर्षं व्यावसायिक गोलकीपर राहिला. इंग्लंडच्या जर्सीतही पुन्हा उतरला. तिशी ओलांडल्यावर मँचेस्टर सिटीने त्याला राखीव गोलकीपर म्हणून घेतलं. सहा हंगामांत तो तिथे फक्त दोन सामने खेळला आणि तरी त्या संघाला तो हवा होता.

कार्सन मी दोन कारणांसाठी सांगितला. एक, ओल्या चेंडूची चूक माणसाला संपवत नाही. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बाकावरचा गोलकीपर ही सन्मानाची नोकरी आहे. दुसऱ्याला तयार ठेवणं, रोज त्याच्यासमोर उभं राहणं, बोलावणं येईल त्या मिनिटाला तयार असणं, याला मोठं मन लागतं. पण कार्सन त्या बाकावर गेला तो शेकडो सामने खेळून झाल्यावर. तू पंचविसाव्या वर्षी, सात सामन्यांनंतर, चूक होणार नाही म्हणून तिथे बसायला निघाला आहेस.

हे वाचून तुला दुखेल, पण बोलायलाच हवं. तू परराज्यातल्या क्लबला "हिंमत" हे नाव दिलं आहेस. तिथे तू पुन्हा दुसरा. घरापासून दूर, ओळखीचं कोणी बघणार नाही, आणि सामन्याच्या दिवशी ट्रॅकसूट घालून बसायचं. खात्याच्या संघात बहुधा तू पहिला गोलकीपर असशील: छोट्या मैदानांवर, पन्नास माणसांसमोर, आठवड्याला एक सामना, चिखल, आणि ज्यांनी क्लिप बघितली ती मुंबईचीच पोरं समोर. मला विचारशील तर भीती या दुसऱ्या ठिकाणी आहे. म्हणून हिंमतही तिथेच लागणार आहे.

माझा कल नोकरीकडे आहे. कारण मात्र वडिलांचं नाही, सामन्यांचं आहे. म्हणूनच त्यात एक अट आहे: खात्याचा संघ कागदावर असता कामा नये. काही खात्यांत फुटबॉलपटू भरती होतात आणि दोन वर्षांत फायलींमागे दिसेनासे होतात. तेव्हा या तीन आठवड्यांतला पहिला आठवडा चौकशीला दे. त्या संघातल्या एखाद्या खेळाडूला गाठून विचार, गेल्या हंगामात कोणत्या स्पर्धा खेळलात, किती सामने झाले, यादीवर गोलकीपर किती आणि त्यांची वयं काय, सरावाला किती वाजता सोडतात, नेमणूक मुंबईत मिळते की कुठेही. खेळासाठी विशेष नैमित्तिक रजा प्रत्यक्षात मिळते का, आणि बाहेरच्या क्लबकडून खेळायला परवानगी देतात का, हेही. ही उत्तरं साहेबांपेक्षा संघातला एखादा बचावपटू खरी देईल.

क्लबलाही तितक्याच सरळपणे विचार. पहिला गोलकीपर कोण, त्याचा करार किती वर्षांचा, दुसऱ्या गोलकीपरला राज्याच्या लीगमध्ये किंवा राखीव संघातून सामने देतात का, गोलकीपरसाठी वेगळा प्रशिक्षक आहे का. "बघू, मेहनत कर, संधी मिळेल" असं उत्तर आलं तर ते नाही असं समज. उलट, "राज्य लीगचे सगळे सामने तुझे" असं कोणी लिहून दिलं, तर माझा कल बदलेल आणि मग खात्याला रुजू होण्यासाठी मुदतवाढीचा लेखी अर्ज करून बघ. अशा अर्जाने काही बिघडत नाही. मागितली म्हणून सहसा पत्र रद्द होत नाही, नाकारतील फार तर.

करार कोणताही असो, सही करण्याआधी तो घरी आणून वाच. हे मी तुझ्यासारख्या सगळ्यांनाच सांगते, कारण पत्रांमधून मला दिसतं की मुलं पहिल्या पानावरचा आकडा बघतात आणि शेवटच्या पानावर सही करतात. गोलकीपरची बोटं, मनगट, खांदा हे त्याचं भांडवल. शस्त्रक्रिया करावी लागली तर खर्च कोणाचा आणि त्या महिन्यांचा पगार चालू राहतो का, हे लिहिलेलं हवं. पगार थकला तर काय, हेही माहीत असू दे: फिफाच्या नियमांनुसार दोन महिन्यांचे पगार थकले आणि लेखी कळवून १५ दिवसांची मुदत देऊनही मिळाले नाहीत, तर खेळाडूला करार मोडण्याचा हक्क आहे. म्हणून पगाराबद्दलचं बोलणं फोनवर न करता लिहून करायचं. व्यावसायिक खेळाडूंची संघटना आपल्याकडे २००६ पासून आहे. सल्ल्यासाठी तिचं दार ठोठावायला लाजू नये.

शाळा-कॉलेजात खेळणाऱ्या मुलामुलींच्या आईवडिलांसाठी इथेच एक गोष्ट. महाराष्ट्रात सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण ते मिळतं ठरावीक पातळीच्या स्पर्धेतल्या कामगिरीवर, आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. स्पर्धेचं प्रमाणपत्र, संघाची यादी, निकालपत्र, सगळं त्याच वर्षी जमा करून ठेवा. दहा वर्षांनी आयोजक सापडत नाहीत. आणि गोलमध्ये उभ्या राहणाऱ्या मुलीला "जरा जपून, हात मोडशील" म्हणण्याआधी अदिती चौहानचं नाव ऐकवा. भारताची ही माजी गोलकीपर २०१५ मध्ये इंग्लंडमध्ये वेस्ट हॅमच्या महिला संघासाठी खेळली.

परत तुझ्याकडे. ती क्लिप तू पुसून टाकलीस असं लिहितोस. कोणाकडून तरी परत मागव आणि एखाद्या जाणत्या गोलकीपर प्रशिक्षकाबरोबर बस. मी एका जुन्या गोलकीपरला तुझं नाव न सांगता प्रसंग सांगितला. ते म्हणाले, ओल्या मैदानावर पुढ्यात पडलेला टप्पा चेंडूचा वेग मारत नाही, चेंडू घसरून आणखी जोरात येतो. तिथे तो धरायचा हट्टच चूक. शरीर पूर्ण चेंडूच्या मागे आणायचं, आणि धरता येत नसेल तर दोन्ही हातांनी खांबाच्या बाहेरच्या बाजूला ढकलायचा. त्यांनी विचारलं, त्या दिवशी त्याने ग्लोव्ह्ज आधी ओले केले होते का? लेटेक्स किंचित ओलं असलं तरच पकड देतं, कोरड्या ग्लोव्ह्जने पावसात उतरलेला पोरगा पहिली दहा मिनिटं आंधळा असतो, असं ते म्हणाले. तू सत्तर मिनिटांनंतर बदली म्हणून उतरला होतास, घाईत. मला खेळातलं एवढं कळत नाही, पण हे कळलं की तुझ्या चुकीला हात, पाऊल आणि कारण आहे. तू मात्र तिला स्वभावाचा डाग समजून बसला आहेस. हातांच्या चुकीवर सराव करता येतो.

हे दिवस नाशिकमध्येच आहेस तर पंचवटीतल्या विभागीय संकुलावर किंवा तुझ्या जुन्या शाळेच्या मैदानावर जा. बादलीभर पाणी घे, दोन पोरांना लांबून खाली फटके मारायला सांग, रोज पन्नास. तिथेच तुला दिसेल की गोलमध्ये उभ्या केलेल्या लहान मुलाला कोणी काही शिकवत नाही. ज्याला पळता येत नाही किंवा जो सर्वात उंच, तो गोली. प्रशिक्षकाचा सुरुवातीचा परवाना, म्हणजे डी लायसन्स, आणि मग गोलकीपिंगच्या प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम, हे खेळत असतानाच करून ठेव. आपल्या शहराला गोलकीपर शिकवणारी माणसं हवी आहेत आणि हे काम पन्नाशीतही करता येतं.

राहिलं घर. स्थळं बघणाऱ्यांना काय सांगायचं हा प्रश्न तू हसण्यावारी नेला आहेस, मला तो हसण्यासारखा वाटला नाही. आई "मुंबईला असतो" म्हणते तेव्हा ती तुझी लाज बाळगत नसावी. तिला तुझं काम सांगताच येत नाही, कारण तिने ते कधी पाहिलेलं नाही. सात वर्षांत तिला तू एकदाही सामन्याला नेलं नाहीस, असं तूच लिहितोस. हरलो तर काय, म्हणून. वडिलांचं "बाकीचे खेळतात, हा नुसता उभा असतो" हे वाक्यही टीव्हीवर दुरून बघणाऱ्या माणसाचं आहे. त्यांना गोलच्या मागे, जाळीपासून दहा पावलांवर बसव. फटक्याचा आवाज तिथून ऐकला की "नुसता उभा" हे शब्द पुन्हा येणार नाहीत. आणि जिच्याशी लग्नाचं बोलणं चालेल तिला पहिल्याच भेटीत खरं सांग: शनिवार-रविवार मैदानावर, बोटांना कायम टेप, नोकरी अमुक, आणि मी गोलकीपर आहे. नोकरी आधी आणि गोलकीपर दबक्या आवाजात, असं नको.

चौकशी झाली की काय उत्तरं मिळाली ते मला कळव. आणि कुठल्याही संघाकडून असो, पावसाळ्यातल्या पहिल्या सामन्याची तारीख ठरली की तीही कळव. पंचवटी एक्स्प्रेसची तीन तिकिटं आधीच काढावी लागतील, आईवडिलांची आणि माझं.